व्हिटफील्डचे आत्मनिवेदन : ज्येष्ठ आणि नवागत

जॉर्ज व्हिटफील्ड याने १७४० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पूर्वायुष्याच्या वृत्तान्ताकडे अभ्यासक सामान्यतः मेथॉडिस्ट चळवळीच्या इतिहासाचे एक साधन म्हणून पाहतात. ग्रंथाची मांडणीही या दृष्टीस पोषक आहे. पाप, अनुताप, सैतानाशी झुंज आणि अखेर १७३५ मध्ये लाभलेली शांती, असा त्याचा ठरीव क्रम आहे. परंतु त्यातील जो भाग आज खरोखर जिवंत वाटतो, तो या साच्यातून निसटलेला आहे. ऑक्सफर्डच्या कॉलेजात राहावयास आलेला एक निर्धन, बुजरा मुलगा आणि त्याला हात देणारा एक ज्येष्ठ विद्यार्थी यांच्या संबंधाचे चित्रण हा तो भाग होय.

ग्लॉस्टर येथील ज्या सराईत व्हिटफील्ड वाढला ती त्याची विधवा आई चालवीत असे, आणि गिऱ्हाइकांना पेये वाढण्याचे काम त्याने स्वतः केले होते. १७३२ च्या अखेरीस तो पेम्ब्रोक कॉलेजात ‘सर्व्हिटर’ म्हणून दाखल झाला. सधन विद्यार्थ्यांची कामे करावयाची आणि त्या मोबदल्यात अल्प खर्चात शिकावयाचे, अशी ही व्यवस्था होती. सराईतील अनुभव येथे उपयोगी पडला, हे तो संकोच न करता सांगतो. पण सेवा करणाऱ्याशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याची तेथे रीत नव्हती. सोबत्यांच्या चैनीत सामील व्हावयाचे नाही म्हणून तो आपल्या अभ्यासिकेत एकटाच बसून राही, आणि थंडीने गात्रे इतकी बधिर होत की रात्री झोप येत नसे. हा लहानसा तपशील त्याच्या पापविषयक दीर्घ विवेचनापेक्षा कितीतरी अधिक सांगून जातो.

ज्यांच्या संगतीची त्याला आस होती ते चार्ल्स वेस्ली आणि त्याचे सहकारी त्याच गावात, उपहास सोसीत, उपासना व तुरुंगभेटी करीत होते. वर्षभर तो त्यांना दुरून पाहत राहिला. ओळख झाली ती विलक्षण रीतीने. वर्कहाउसमधील एका गरीब स्त्रीने गळा कापून घेण्याचा प्रयत्न केल्याचे त्याला कळले. त्याने कॉलेजात सफरचंदे विकणाऱ्या म्हातारीकरवी चार्ल्सला निरोप धाडला आणि निरोप कोणाचा हे न सांगण्याची तिला ताकीद दिली. म्हातारीने नाव सांगून टाकले. तिच्याच हाती दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीचे निमंत्रण आले. व्हिटफील्डला या प्रसंगात केवळ ईश्वरी योजना दिसते. वाचकास आणखी एक गोष्ट दिसल्यावाचून राहत नाही. जो नवागत स्वतःसाठी मदत मागू शकत नाही, तो दुसऱ्याच्या दुःखाच्या आडून ती मागतो. चार्ल्सचे मोठेपण असे की त्याने दोन्ही निरोप वाचले.

येथे त्याच पेम्ब्रोकमधील दुसऱ्या एका विद्यार्थ्याची आठवण होते. सॅम्युएल जॉन्सन १७२८-२९ मध्ये तेथे होता. त्याचे फाटके जोडे पाहून कोणी दयाळू गृहस्थाने नवे जोडे गुपचूप त्याच्या दाराशी ठेवविले, आणि त्याने ते संतापून फेकून दिले, असे बॉझवेल सांगतो. दारिद्र्य दोघांचेही खरे, सदिच्छाही दोन्ही ठिकाणी खरी. परंतु जोडे ठेवणाऱ्याने गरज पाहिली, माणसाशी तो बोलला नाही. चार्ल्सने आपल्या मेजाशी बसविले. वयाने तो अवघ्या सात वर्षांनी वडील, दुसऱ्या कॉलेजातला, आणि व्हिटफील्डवर त्याची कसलीही सत्ता नव्हती.

सत्ता नसणे हा मुद्दा गौण नव्हे. चार्ल्सचा वडील भाऊ जॉन हा लिंकन कॉलेजचा फेलो. १७३२ मध्ये मंडळातील विल्यम मॉर्गन डब्लिन येथे मरण पावला आणि उपासांमुळेच तो गेला असा बोभाटा झाला. तरीही बापाने धाकटा मुलगा रिचर्ड १७३३ मध्ये जॉनच्याच हाती सोपविला. या मुलाने जानेवारी १७३४ मध्ये घरी तक्रार लिहिली. या शिक्षकाचा शिष्य असेतोपर्यंत सारे गाव मला हसणार, असा तिचा आशय होता. पत्र जॉनच्या दृष्टीस पडले आणि त्याने बापाला आपली बाजू कळविली. पुढे रिचर्डही त्या आचाराकडे वळला, हे खरे. पण ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराचे मोल कसे ठरवावे? धर्मनिष्ठ मार्गदर्शकांच्या स्तुतीत हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

व्हिटफील्डलाही या मैत्रीची किंमत द्यावी लागली. त्याच्यावर घाण फेकण्यात आली, काहींनी त्याचे वेतन बंद केले, गरिबांना भेटावयास गेल्यास काढून टाकण्याची धमकी कॉलेजच्या प्रमुखाने दिली. खरा धोका मात्र बाहेरचा नव्हता. चार्ल्सने दिलेली पुस्तके वाचून, विशेषतः हेन्री स्कूगलचा ग्रंथ वाचून, पेटलेला हा तरुण मार्गदर्शकाच्याही पुढे गेला. निकृष्ट अन्न, ठिगळांचा झगा, वादळी रात्री झाडाखाली प्रार्थना, १७३५ च्या लेंटमध्ये जाडाभरडा पाव आणि बिनसाखरेचा पानांचा काढा; आणि अखेर सात आठवड्यांचे आजारपण. मित्रांचाही सहवास त्याने सोडला तेव्हा चार्ल्स त्याच्याकडे गेला आणि त्याने त्याला आपला भाऊ जॉन याच्याकडे धाडले; बाह्य आचार पुन्हा सुरू कर, मात्र त्यांवर विसंबू नकोस, असे जॉनने बजावले. मंडळाचाच माणूस मंडळाच्या अतिरेकाला आवर घालतो आहे, म्हणून या सल्ल्याचे वजन मोठे. तथापि वैद्य पाठविला तो ट्यूटरने. त्यानेच पुस्तके दिली, पैसे दिले आणि पित्यासारखे वर्तन केले, अशी प्रांजळ कबुली ग्रंथात आहे. या मवाळ गृहस्थाला मेथॉडिस्ट चरित्रकारांकडून फारसा न्याय मिळालेला नाही.

लेखक म्हणून व्हिटफील्डचा दोष उघड आहे. न्याहारीच्या वेळी काय बोलणे झाले हे तो जवळजवळ सांगतच नाही. प्रत्येक मानवी उपकार घाईने ईश्वराच्या खाती जमा होतो. १७५६ मध्ये त्याने संक्षेप केलेली आवृत्ती काढून काही भडक विधाने सौम्य केली, पण ही घाई स्वभावातच होती. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’शी परिचित असलेल्या मराठी वाचकास आणखी एक भेद जाणवेल. तेथे धर्मांतराने घर आणि जात सुटते. व्हिटफील्ड मात्र आपल्याच चर्चमध्ये राहतो, आणि त्याची परीक्षा होते ती जिन्यावर, भोजनगृहात, शेजारच्या खोलीतल्या हसण्यात.

१७४० नंतर लवकरच पूर्वनियतीच्या सिद्धान्तावरून व्हिटफील्ड आणि वेस्ली बंधू यांच्यात फूट पडली. तरी व्हिटफील्डच्या मृत्यूनंतर, १७७१ साली छापलेल्या शोककाव्यात चार्ल्सने ती पहिली भेट आठवणीने वर्णिली आहे. वाद आणि विजय यांच्याआधी त्याला आठवतो तो वर्दळीची वाट टाळून एकटाच फिरणारा एक लाजाळू मुलगा.