पाटील दिसतो, शेठ दिसत नाही

दलित साहित्यावर बाहेरच्यांनी पुष्कळ लिहिलं. शिवराळ म्हणाले, एकसुरी म्हणाले, आत्मकथनापुढं जात नाही म्हणाले. त्यांना उत्तरं देण्यात आपल्या दोन पिढ्यांची शाई खर्ची पडली. त्या मंडळींशी मला आज काही बोलायचं नाही. घरातल्या घरात बोलायचंय, आणि जरा कडू बोलायचंय.

आपल्या कथा-कवितेत पाटील आहे. पाणवठा आहे, वेस आहे, मेलेलं ढोर आहे, शाळेतला मास्तर आहे, शहरात जात विचारून खोली नाकारणारा घरमालक आहे. हे सगळं खरंय, आणि ते लिहायलाच पाहिजे होतं. पण ज्याचं घर गावात नाही, ज्याचं तोंड कुणी पाह्यलेलं नाही, आणि तरी ज्याच्या हिशेबावर गाव चालतं, तो शेठ, ती कंपनी, तो ठेकेदार आपल्या लिखाणात शोधून सापडत नाही. सापडलाच तर 'भांडवलदार' ह्या एका शब्दात, घोषणेत कोंबलेला. त्याला ना नाव, ना धंदा, ना खातेवही.

मी बिलोलीचा, म्हणून बिलोलीचंच सांगतो. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. पेटला म्हणजे आपली घरं पेटली. तेव्हाच्या बिलोली तालुक्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना जिवंत जाळलं. आमच्याकडं आजही त्यांचं नाव घेतल्याशिवाय सभा पुढं सरकत नाही. ही आठवण आपण राखली, कुणाच्या बापाची मेहेरबानी घेतली नाही.

आता दुसरी गोष्ट सांगतो, जिच्यावर माझ्या पाहण्यात आपली एक ओळ आली नाही. येसगीचा पूल ओलांडला की मांजरेपल्याड तेलंगण लागतं. पुढं बोधन. आमच्या लोकांचा बाजार तिकडं, सोयरीक तिकडं. १९५६ पर्यंत हे दोन्ही काठ एकाच हैदराबाद राज्यात होते, मग भाषेच्या नावानं नदीवर रेघ ओढली. त्या बोधनला शक्करनगरमध्ये निजाम शुगर फॅक्टरी. निजामाच्या सरकारनं १९३७ साली उभी केलेली. मांजरेवरच्याच निजामसागराचं पाणी तिच्या उसाला. एकेकाळी आशियातला सगळ्यात मोठा साखर कारखाना म्हणून तिचं नाव घेत. निजाम गेला, कारखाना आंध्र सरकारचा झाला. सरकारचा म्हणजे घटनेचा. घटनेचा म्हणजे नोकरभरतीत अनुसूचित जातीला जागा राखीव ठेवणं बंधनकारक. निजामाची सरंजामशाही मला गोड वाटत नाही. पण साखर कारखान्याच्या मस्टरवर आपल्या माणसाचं नाव हक्कानं लागणं, मेहेरबानीनं नव्हे, ही गोष्ट गावगाड्यात कुठं होती?

२००२ साली आंध्र सरकारनं ह्या कंपनीचा ५१ टक्के हिस्सा एका खाजगी कागद कंपनीला दिला. डेल्टा पेपर मिल्स तिचं नाव. ४९ टक्के सरकारकडं राहिले. वाचणाऱ्याला वाटेल, निम्माच तर दिला! पण सगळी गोम ह्या एक्कावन्नात आहे. कंपनी कायद्याप्रमाणं सरकारचं भांडवल ५१ टक्क्यांच्या खाली गेलं की ती सरकारी कंपनी राहत नाही. सोळाव्या कलमातलं आरक्षण सरकारी नोकरीपुरतं आहे, खाजगी मालकाला ते लागू नाही. म्हणजे ४९ टक्के पैसा जनतेचा, आणि त्या पैशावर आपला हक्क शून्य. कुणी मोर्चा आणला नाही, कुणी घटना जाळली नाही, कुणी आरक्षणाविरुद्ध भाषण ठोकलं नाही. एका करारावर सह्या झाल्या.

पुढं काय झालं तेही सांगून टाकतो. कंपनीचं नाव निजाम डेक्कन शुगर्स झालं. २००४ नंतर विधानसभेच्या सभागृह समितीनं ही विक्री रद्द करा म्हणून शिफारस केली, ती पडून राहिली. २०१४ च्या निवडणुकीत तेलंगण राष्ट्र समितीनं कारखाना सरकारच्या ताब्यात घेऊ असं आश्वासन दिलं. सत्ता आली, आणि २०१५ च्या डिसेंबरात मालकानं कारखान्याला टाळं लावलं. बोधनच नव्हे, त्या कंपनीचे तिन्ही कारखाने बंद.

असं एका ठिकाणी झालं असतं तर मी लेख लिहायला बसलो नसतो. छत्तीसगडच्या कोरब्यात बाल्को ही केंद्र सरकारची ॲल्युमिनियमची कंपनी. २००१ साली तिचाही नेमका ५१ टक्के हिस्सा स्टरलाइटला ५५१ कोटी ५० लाखाला विकला. कामगार सुप्रीम कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं, आमचा मालक सरकार होता म्हणून चौदाव्या आणि सोळाव्या कलमाचं संरक्षण आम्हाला होतं, ते तुम्ही आम्हाला न विचारता कसं काढता? त्याच वर्षीच्या डिसेंबरात निकाल लागला. कोर्ट म्हणालं, हा आर्थिक धोरणाचा प्रश्न आहे, आणि मालक सरकारच राहावं असा कामगाराचा हक्क नाही. मंडलच्या निकालावर आपल्यातले पोरंसोरं बोलतात. बाल्कोचा निकाल आपल्यापैकी किती जणांनी वाचला? आरक्षणाला हात न लावता आरक्षण संपवायची वाट ह्या निकालानं मोकळी झाली.

असं असून आपल्या लेखकाची नजर तिकडं का गेली नाही? माझ्या मते कारण घरातलंच आहे. १९७३ मध्ये दलित पँथरचा जाहीरनामा आला. त्यानं 'दलित' ह्या शब्दात भूमिहीन शेतमजूर, कामगार, गरीब शेतकरी, स्त्रिया सगळ्यांना घेतलं. १९७४ मध्ये त्यावरूनच फूट. नामदेव ढसाळ एकीकडं, राजा ढाले एकीकडं. बुद्ध की मार्क्स, असा सवाल टाकला गेला. त्या भांडणात कोण किती बरोबर होतं हे उकरायची ही जागा नाही. पण त्याचा एक परिणाम पन्नास वर्षं टिकला. पैसा, मालकी, नफा हे शब्द उच्चारले की 'हा लाल झाला' म्हणून माणूस बाजूला काढायचा. धर्म आणि जात आपली, आणि रोजी-रोटी कम्युनिस्टांची, अशी वाटणी झाली. बाबासाहेबांनी अशी वाटणी कधी केली होती?

आमच्या नांदेडहून गाडी थेट जाते त्या मनमाडला १९३८ च्या फेब्रुवारीत जीआयपी रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद झाली. तिथं बाबासाहेबांनी कामगारांचे शत्रू दोन सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. एक नाही, दोन. हे काही हवेतून आलेलं नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार बरा होता. पण धोट्यातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याची लाळ धाग्याला लागेल म्हणून आपल्या माणसाला त्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला होता. कमी पगाराच्या खात्याला हात आयते मिळतात, मालकाचं कशात नुकसान होतं? जात कामगार पाळत होता, नफा मालक मोजत होता. आणि हेच बाबासाहेब १९३८ च्या नोव्हेंबरात औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध त्याच लाल बावट्याबरोबर संपात उतरले. त्यांना बाटायची भीती वाटली नाही.

१९४७ चं 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' घ्या. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीनं घटना समितीपुढं ठेवायला लिहिलेलं. पुतळ्याच्या हातातलं पुस्तक आपण रोज बघतो, हे पुस्तक किती घरांत आहे? मोठे उद्योग सरकारच्या मालकीचे, विमा सरकारचा, शेती सरकारचा उद्योग, जमीन गावकऱ्यांच्या गटाला जात न बघता कसायला द्यायची, ना जमीनदार ना भूमिहीन. आणि हे सगळं घटनेतच लिहायचं, म्हणजे उद्याच्या बहुमताला मोडता येणार नाही. का, तर सरकारनं बाजारातून अंग काढलं म्हणजे माणूस मोकळा होत नाही, जमीनदार खंड वाढवायला मोकळा होतो आणि मालक कामाचे तास वाढवायला. बाबासाहेबांनी त्याला खाजगी मालकाची हुकूमशाही म्हटलं. घटनेत हा भाग आला नाही. बोधन आणि कोरबा हे त्या गाळलेल्या पानाचं फळ आहे, असं मी म्हणतो. घटना वाचवा म्हणून ओरडताना जे घटनेत येऊच दिलं नाही त्याचीही आठवण पाहिजे.

आपल्या सगळ्याच लेखकांना शेठ दिसला नाही असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. दिसला, आपल्या समीक्षेनं तो वाचला नाही. 'गोलपिठा' आला, सगळे भाषेवर तुटून पडले. काय ती शिवी, काय ती घाण! कुणी नाक दाबलं, कुणी टाळ्या वाजवल्या. पण ढसाळ दाखवत होता तो बाजार आहे. माणसाचं शरीर भावानं विकणारा, पोलीस-दलाल-गिऱ्हाईक अशी सगळी साखळी असलेला. बाबूराव बागुलांच्या १९६९ च्या कथासंग्रहाचं नावच 'मरण स्वस्त होत आहे'. नावातच भाव लावलेला! आणि लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या', १९८७ चं, पुढच्या वर्षी साहित्य अकादमी मिळालेलं. त्याच्यावरची परीक्षणं काढून वाचा. पोरांना चोरीचं शिक्षण कसं देतात, पोलीस कसे मारतात, ह्याच्यावर पानंच्या पानं. त्याच पुस्तकात लातूरची सूतगिरणी आहे, तिथली नोकरी आहे, कामगारांची संघटना आहे. म्हणजे ज्याच्या जमातीला जन्मतः चोर ठरवलं तो माणूस गिरणीत जाऊन कामाच्या मोबदल्याचा हिशेब मागतो! आत्मकथनाचा हा कणा आहे. पण समीक्षकाला खिसा कापणारा मजेशीर वाटतो, पगार मागणारा रटाळ वाटतो. आणि आपणही त्यांच्याच चष्म्यानं आपली पुस्तकं वाचायला लागलो.

मधल्या काळात दुसरा एक आवाज निघाला, दलित भांडवलशाहीचा. भांडवलाला जात नसते, बाजारात या, देणारे व्हा. २००५ मध्ये पुण्यात दलित उद्योजकांचं चेंबर निघालं, डिक्की. आपला एखादा भाऊ कारखाना काढतो, चार जणांना काम देतो, तर मी त्याला हार घालीन. त्याच्या कर्तबगारीबद्दल वाद नाही. वाद सिद्धांताशी आहे. ह्या उद्योजकाला मोठा आधार कशाचा? २०१२ च्या सरकारी खरेदी धोरणाचा. केंद्राची खाती आणि सरकारी कंपन्या जो माल घेतात त्यातला ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या लघुउद्योजकांकडून घ्यावा, असं ते धोरण. खाजगी कंपनीवर ते बंधन नाही. म्हणजे सरकारी कंपनी विकली की कामगाराचं आरक्षण जातं तसं ह्या आपल्या शेठचंही गिऱ्हाईक जातं! बाजारानं जात मोडली असती तर त्याला ४ टक्क्यांची काठी कशाला लागली असती?

सरकार शेठचं का ऐकतं, हे आता कागदावर आलेलं आहे. आधी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच पक्षाला देणगी देता येत होती. २०१७ मध्ये ती मर्यादा काढली. २०१८ पासून निवडणूक रोखे, नाव झाकून द्यायची सोय. २०२४ च्या १५ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टानं ते घटनाबाह्य ठरवले आणि याद्या बाहेर आल्या. सगळ्यात वर एक लॉटरीची कंपनी, १,३६८ कोटींची. तिच्याखाली धरणं-बोगदे बांधणारी हैदराबादची कंपनी, ९६६ कोटींची. लॉटरीचं तिकीट कोण काढतं? नाक्यावर उभा असलेला, काम न मिळालेला माणूस. त्याच्या दहा-वीस रुपयांतून जमलेला पैसा पक्षांच्या तिजोरीत. ह्या एका ओळीत कादंबरी आहे, कुणीतरी लिहा रे.

आणि दिल्लीला जायलाच पाहिजे असंही नाही. आमच्या मांजरेची वाळू. घाटाचा लिलाव होतो, ठेकेदार घेतो, हायवा भरून गाड्या निघतात, बऱ्याचशा पुलापल्याड. नदीचं पात्र खाली जातं, काठच्या विहिरी आटतात. रमाई घरकुल मंजूर झालेला आपला माणूस त्याच वाळूसाठी दारोदार फिरतो. २०२३ मध्ये सरकारनं लिलाव बंद करून डेपोतून ६०० रुपये ब्रासनं वाळू द्यायचं धोरण आणलं. २०२५ मध्ये डेपो गेले, लिलाव परत आले, घरकुलवाल्याला ५ ब्रासपर्यंत फुकट असं कागदावर राहिलं. दोन वर्षांत धोरण फिरलं. नदीकाठी जन्मलेल्या आपल्या कवींनी मांजरेवर कविता लिहिल्या नाहीत असं नाही. त्यात चांदणं आहे, आईचे हात आहेत, धुणं आहे. हायवा नाही.

मला प्रचारकी कविता नकोत. 'भांडवलदारांनो खबरदार' छापाच्या तर अजिबात नकोत, त्या ढिगानं पडल्यात. बलुतं किती पेंढ्यांचं होतं आणि हातात किती पडलं, हे दया पवारांच्या पिढीनं चोख सांगितलं म्हणून ते लिखाण कुणाला खोडता आलं नाही. तसंच ऊसतोडीची उचल किती, मुकादमानं कापले किती, कोयत्याला दर काय, टनाला हाती किती आले, सफाईचं काम नगरपालिकेनं ठेकेदाराला दिल्यावर पगारातून काय गेलं, हे लिहा. आपल्या आया-बहिणींना हे आकडे तोंडपाठ आहेत. लेखक मात्र अजून रूपकं शोधतोय.

बोधनचं अजून संपलेलं नाही. २०२४ मध्ये तेलंगणात नव्या सरकारनं कारखाना परत चालू करायला समिती नेमली. चालू झाला तर मालकी किती टक्के कुणाची राहणार? एक्कावन्न कुणाकडं? भरतीला रोस्टर लागणार का? बोधन आमच्या बिलोलीपासून सकाळी जाऊन दुपारी परत येण्याइतकं जवळ आहे. पुढच्या अंकासाठी कुणी तिकडं जाऊन, जुन्या कामगारांजवळ बसून, त्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या पाहून लिहिणार असेल तर संपादकांना कळवा. येसगीपर्यंत सोबत मी येतो.