नावेचे नाव : ‘इबुकी’ ही जपानी चित्रकथा वाचताना

जपानी भाषेत विमानवाहू नौकेला ‘कूबो’ म्हणतात. दोन अक्षरांचा शब्द. पहिले अक्षर आकाशाचे, दुसरे आईचे. ‘कोकू बोकान’, म्हणजे विमानांची मातृनौका, या लांबलचक नावाचे हे बोलीतले आखूड रूप. आपल्या ‘विमानवाहू’त ओझे वाहणे आहे, त्यांच्या शब्दात पिलांना बाहेर सोडून पुन्हा पोटाशी घेणे आहे. पण हा मायेचा शब्द जपानचे सरकार आज स्वतःच्या जहाजाला लावत नाही.

कारण राज्यघटनेत आहे. 1947 साली अमलात आलेल्या घटनेच्या नवव्या कलमाने युद्धाचा हक्क सोडून दिला. पुढे ‘स्वसंरक्षण दले’ उभी राहिली आणि त्यांना काय बाळगता येईल याचा काथ्याकूट सुरू झाला. आंतरखंडीय क्षेपणास्त्रे, दूर पल्ल्याची बॉम्बफेकी विमाने आणि ‘हल्ला करणारी विमानवाहू नौका’ ही तीन अस्त्रे आम्हाला वर्ज्य आहेत, असे सरकारने 1988 मध्ये संसदेत सांगितले. मार्च 2015 मध्ये सेवेत आलेली ‘इझुमो’ ही नौका 248 मीटर लांब, टोकापासून टोकापर्यंत सपाट डेकची. कोणत्याही शाळकरी मुलाने तिला ‘कूबो’च म्हटले असते. सरकारी दफ्तरात मात्र ती ‘हेलिकॉप्टरवाहू रक्षक नौका’. 2018 च्या डिसेंबरात तिच्यावर एफ-35बी ही लढाऊ विमाने उतरवण्याचे ठरले आणि अशी 42 विमाने घेण्याचा निर्णय झाला, तेव्हाही सत्ताधारी आघाडीने ‘बहुउपयोगी रक्षक नौका’ असा नवा शब्द शोधून काढला. शब्द शोधण्यात सरकारी बाबू कोणत्याही देशाचे असोत, सारखेच कल्पक.

काइजी कावागुची यांची ‘कूबो इबुकी’ ही चित्रकथा ‘बिग कॉमिक’ या पाक्षिकात 2014 च्या अखेरीस सुरू झाली आणि 2019 पर्यंत चालली. तारखा मुद्दाम पाहाव्यात अशा आहेत. ‘इझुमो’ सेवेत येण्यापूर्वीच या कथेने एफ-35बी घेऊन फिरणारी नौका रेखाटली आणि सरकारने टाळलेला शब्द थेट मुखपृष्ठावर छापला. शब्दकोश शेजारी ठेवून मी ती वाचली, त्यामुळे वेग कासवाचा होता. पण प्रत्येक संज्ञेशी थांबावे लागल्यानेच माझे लक्ष शब्दांकडे गेले असावे.

कावागुची या विषयात मुरलेले आहेत. ‘चिन्मोकु नो कांताई’मध्ये त्यांनी अणुपाणबुडीच्या कप्तानाला बंड करायला लावले, ‘झिपांग’मध्ये आजची युद्धनौका 1942 च्या मिडवेच्या लढाईत नेऊन सोडली. ‘इबुकी’त असा चमत्कार नाही. सेनकाकू बेटांवरून चीनशी तणाव वाढतो, जपानला माघारीची नामुष्की सोसावी लागते आणि त्या सलातून ही नौका बांधली जाते. प्रत्यक्षात तेव्हा जपानच्या सागरी दलाचे रक्षक ताफे चार होते. कावागुची पाचवा काढतात आणि ‘इबुकी’ला त्याच्या अग्रभागी ठेवतात. नौदल खरे, ताफा खोटा. ही सरमिसळ इतकी बेमालूम आहे की वाचक पानागणिक फसतो.

नौका ‘हलकी’ आहे, हेही महत्त्वाचे. हलकी विमानवाहू नौका ही दुसऱ्या महायुद्धातली निकड होती : मोठी बांधायला वेळ नाही, म्हणून लहान बांधा किंवा हाताशी असलेल्या क्रूझरच्या सांगाड्यावर डेक चढवा. अमेरिकेने अशा सांगाड्यांवर नऊ ‘इंडिपेंडन्स’ बांधल्या. ब्रिटनने सुरू केलेल्या हलक्या नौकांपैकीच एक ‘हर्क्युलिस’, म्हणजे 1961 मध्ये भारतीय नौदलात आलेली आपली ‘विक्रांत’. मुंबईत ती संग्रहालय झाल्यावर तिच्या डेकवर उभे राहून मला पहिल्यांदा जाणवले होते ते धावपट्टीचे आखूडपण. कावागुची या आखूडपणाचा नैतिक उपयोग करतात. मोजकी विमाने असलेली नौका आक्रमक कशी असेल, असा युक्तिवाद चित्रांतूनच मांडला जातो. समोर चिनी ताफा अजस्र, आपण तोकडे. मला हा युक्तिवाद पटत नाही. लहान सुरीही सुरीच असते.

नावाची निवड त्याहून सूचक आहे. इबुकी हा शिगा आणि गिफू प्रांतांच्या सीमेवरचा डोंगर. 712 साली सिद्ध झालेल्या ‘कोजिकी’त यामातो ताकेरू हा वीर आपली दैवी तलवार घरी ठेवून, नुसत्या हातांनी या डोंगराच्या देवाला सामोरा जातो, गारपिटीत सापडतो, आजारी पडतो आणि पुढे मरतो. शस्त्र टाकून गेलेल्या वीराचा डोंगर! शिवाय हे नाव एका खऱ्या जहाजाचेही होते. 1943 मध्ये कुरे येथे जलावतरण झालेली क्रूझर ‘इबुकी’ हलकी विमानवाहू नौका करायला घेतली होती. मार्च 1945 मध्ये काम थांबले; युद्ध संपल्यावर सासेबोत तिचे तुकडे केले गेले. ती एकदाही लढली नाही. म्हणजे हे नाव युद्धातल्या विजयाचे नाही आणि पराभवाच्या रक्ताचेही नाही. सरकारने आपल्या दुसऱ्या नौकेला मिडवेला बुडालेल्या ‘कागा’चे नाव दिले; कावागुचींनी न संपलेल्या जहाजाचे घेतले. या बाबतीत चित्रकाराची जाण मला सरकारपेक्षा खोल वाटते.

मधले खंड कप्तान अकित्सु आणि त्याचा दुय्यम अधिकारी निनामी यांच्या ताणावर उभे आहेत. अकित्सु हवाई दलातून आलेला वैमानिक, निनामी समुद्रावर वाढलेला. शत्रूचे जहाज बुडवायचे की नुसते निकामी करायचे, हा त्यांचा वाद कथेचा कणा आहे आणि तो खरोखर चांगला रंगला आहे. पंतप्रधान तारुमींची घालमेलही खोटी वाटत नाही.

2019 च्या चित्रपटाने यातले बरेच घालवले. सेत्सुरो वाकामात्सु यांच्या दिग्दर्शनात चीन नाहीसा होऊन एक काल्पनिक संघराज्य आले, बेटेही काल्पनिक झाली. नाताळाचा खाऊ भरत बसलेला दुकानदार मध्येमध्ये दिसतो, म्हणजे सामान्य माणसाची सोय लावली. शत्रूला नाव नसले की कोणाला दुखवत नाही, पण मग कप्तानाच्या निर्णयाला किंमतही उरत नाही. चित्रकथा निदान नाव घेते.

पण तीही एका ठिकाणी गप्प बसते, आणि माझी खरी तक्रार ती आहे. कथेत चिनी सैन्य योनागुनी बेट घेते. तिथले रहिवासी ओलीस होतात आणि बहुतांश ओलीसच राहतात : सुटकेची वाट पाहणारे चेहरे. खरे योनागुनी तैवानपासून सुमारे 110 किलोमीटरवर आहे, वस्ती दोन हजारांच्या आत. बेटावर लष्कराचे टेहळणी पथक यावे की नाही यावर तिथे 22 फेब्रुवारी 2015 रोजी मतदान झाले. माध्यमिक शाळेतल्या मुलांनाही मत होते. 632 बाजूने, 445 विरोधात. पुढच्या वर्षी मार्चमध्ये तळ सुरू झाला. त्या बेटाचा प्रांत ओकिनावा. 1945 च्या लढाईत नागरिकांचे काय झाले हे तिथे कोणाला सांगावे लागत नाही. ‘इबुकी’चे पहिले हप्ते छापले जात होते त्याच महिन्यांत ही माणसे आपसांत भांडत होती, घराघरांत मते फुटत होती. ज्यांच्यासाठी नौका बांधली, त्यांच्यातल्या त्या 445 जणांपैकी एकाच्या तोंडी कावागुचींनी चार वाक्ये घातली असती, तर निनामीच्या शंकेला जमीन मिळाली असती. ‘कूबो’ म्हणायचे धाडस ज्याने केले, त्याला ‘आम्हाला हे नको’ हे वाक्य लिहिणे अवघड नव्हते.

पुढचा भाग ‘ग्रेट गेम’ या नावाने 2020 पासून येऊ लागला. त्यात कथा उत्तर ध्रुवीय समुद्राकडे वळली आहे.