स्वीकार आणि सोसणे : कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्याचा एक प्रश्न

नोकरीच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांना स्वीकार व सजगता यांचे प्रशिक्षण देण्याची प्रथा अलीकडे वाढली आहे. कामाची जाचक परिस्थिती तशीच ठेवून ती निमूटपणे सोसण्याचा हा धडा होय, असा आक्षेप तिच्यावर घेतला जातो. आक्षेप निराधार नाही; तथापि तो सिद्धान्ताला लागू पडतो की त्याच्या वापराला, याचा निवाडा आधी झाला पाहिजे.

स्टीव्हन हेज व त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या उपचारपद्धतीत स्वीकाराचा विषय परिस्थिती हा नसून मनात उठणारे नकोसे विचार व भावना हा आहे. वरिष्ठांपुढे गाऱ्हाणे मांडताना छाती धडधडते. धडधड शमेपर्यंत गप्प राहणे ही टाळाटाळ. धडधडत्या छातीनेच गाऱ्हाणे मांडणे हा स्वीकार. या अर्थाने स्वीकार हा शरणागतीचा नव्हे, तर कृतीचा सोबती ठरतो.

फ्रँक बाँड व डेव्हिड बन्स यांनी ब्रिटनमधील एका प्रसारमाध्यम संस्थेतील ९० स्वयंसेवक कर्मचाऱ्यांवर केलेला व २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग येथे विचारात घेण्याजोगा आहे. एका गटाला स्वीकाराचे प्रशिक्षण मिळाले, दुसऱ्याला कामातील ताणाची कारणे ओळखून ती बदलण्याचे. तिसरा गट प्रतीक्षेत राहिला. प्रशिक्षित गट दोन्ही सुधारले, पण मार्ग भिन्न होते : पहिल्यात स्वीकार वाढल्यामुळे, तर दुसऱ्यात कारणे बदलण्याच्या प्रयत्नांमुळे. एक मार्ग दुसऱ्याला खोटा ठरवीत नाही, हा या प्रयोगाचा खरा बोध होय.

याच दोघांनी २००३ मध्ये ग्राहकसेवा केंद्रातील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या ठायी स्वीकारवृत्ती अधिक, त्यांचे मनःस्वास्थ्य वर्षभरानंतर अधिक चांगले आढळले व संगणकावरील नोंदींतील चुकाही कमी आढळल्या. शिवाय कामावरील नियंत्रणाचा लाभ अशा व्यक्तींना अधिक झाला. मोकळे झालेले लक्ष हाती असलेल्या अधिकाराच्या उपयोगाकडे वळते, अशी त्याची उपपत्ती लावली जाते. मग जेथे अधिकारच नाही, तेथे ते लक्ष कोठे वळावे?

या पुराव्यालाही मर्यादा आहेत. पहिल्या प्रयोगातील माणसे स्वेच्छेने आली होती. सक्तीच्या प्रशिक्षणाचे समर्थन त्यातून निघत नाही. दुसरा अभ्यास निरीक्षणात्मक असल्याने कार्यकारणभाव त्यातून सिद्ध होत नाही.

म्हणून आक्षेपाचा रोख बदलला पाहिजे. दोष स्वीकाराच्या कल्पनेत नसून, ती कामाच्या पुनर्रचनेचा स्वस्त पर्याय म्हणून वापरण्यात आहे. कामाचा वेग, क्रम व पद्धत यांबाबत कर्मचाऱ्याला काहीही ठरवू न देता जी संस्था त्याला केवळ सजगतेचे वर्ग देते, ती या संशोधनाचा अर्धाच भाग उचलते. आणि अर्धाच भाग उचलला की स्वीकाराचे सोसणे होते.