पत आधी की पाणी आधी?

आज ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातल्या एका लहानशा नियमाबद्दल बोलायचं आहे. ज्यांनी खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टेबलाभोवती पाच-सहा जण, प्रत्येकाचं एक पात्र, आणि गोष्ट पुढे नेणारा एक सूत्रधार. अमरावतीचे चौघं आणि अकोल्याहून येणारे दोघं, असे आम्ही रविवारी बसतो.

या खेळात गट असतात. हार्पर्स, झेंटारिम वगैरे. २०१४ च्या सूत्रधार-पुस्तकात गटातला आपला लौकिक आकड्यात मोजायची सोय आहे. आम्ही त्याला सरळ ‘पत’ म्हणतो. गटाचं काम केलं की पत वाढते, मग वरची पदवी, ओळखीची माणसं, सवलती. अ‍ॅडव्हेंचरर्स लीग या संघटित खेळात तर मंत्रांचं दरपत्रकच होतं. जखम भरायचा साधा मंत्र १० सोन्याची नाणी, शाप उतरवायचे ९०, मेलेल्याला उठवायचे १२५०. ते वाचून अकोल्याचा आमचा मित्र म्हणाला, ‘हे तं आपल्या सोसायटीसारखं झालं भाऊ! सभासद असन तं पीककर्ज, नाही तं जाय घरी.’

विनोद बाजूला ठेवू, पण तो बरोबर बोलला. मंत्र ही जिथं नवलाची गोष्ट असायची तिथं खिडकी आली, पावती आली. पत हा शब्द माणसांमधल्या विश्वासाचा. इथं ती वहीतली जमा झाली.

पण त्याच लीगमध्ये एक नियम उलट्या दिशेने जाणारा होता. पहिल्या ते चौथ्या पातळीचं, गटात असलेलं पात्र मेलं, तर गटातला कोणी आश्रयदाता पैसे भरून त्याला उठवतो. अट एवढीच की त्या बैठकीतली सगळी कमाई गेली. पाचव्या पातळीला सोय बंद. म्हणजे ज्याची पत अजून झालीच नाही, त्यालाच सगळ्यात महागडा मंत्र फुकट! आम्हाला हा नियम आवडतो, आणि आमची तक्रारही त्याच्याबद्दलच आहे.

इथं आपल्याकडची एक गोष्ट आठवा. दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजया’तली, अकोटजवळच्या अकोलीची. चमत्कार खरा की खोटा, हा आजचा विषय नाही. गोष्ट कशी रचली आहे ते बघू. उन्हातान्हात गजानन महाराज शेतातल्या भास्कर पाटलाला पाणी मागतात. भास्कर देत नाही, वर चार शब्द सुनावतो. महाराज कोरड्या विहिरीपाशी जातात आणि विहिरीला पाणी येतं. भास्करची पत काय होती? शून्याच्याही खाली. पाणी आधी आलं, नातं नंतर जुळलं, आणि ते असं जुळलं की गडी शेत सोडून महाराजांच्या मागे निघाला.

लीगच्या नियमात हा दुसरा भागच नाही. पैसे भरणाऱ्याला नाव नाही, चेहरा नाही. पात्र उठतं, कपडे झटकतं, पुढच्या रविवारी हजर. ते कोणाचं देणं लागतं, हे कोणी विचारत नाही. कमाई कापली की हिशेब मिटला! नियम लिहिणाऱ्यांची अडचण कळते. शेकडो टेबलांवर एकच कायदा चालवायचा तर चेहरे ठेवता येत नाहीत. पण घरच्या टेबलावर ही सबब चालत नाही.

आमच्यात एक अकरावीतली मुलगी नव्याने आली. तिसऱ्याच बैठकीत तिचं पात्र मेलं. ती रडली नाही, पण फासे पिशवीत भरायला लागली. सूत्रधाराने तिला थांबवलं. म्हणाला, तुझ्यासाठी हार्पर्सच्या एका म्हाताऱ्या वीणावादकाने आपली वीणा विकली.

तिने विचारलं, ‘कोणाला विकली?’

पुढचे चार महिने आम्ही ती वीणा शोधतो आहोत. पत किती झाली ते कोणी मोजलेलं नाही.