सुतारकाकांची लाकडी घड्याळे : एक परखड अभिप्राय

गेल्या सुक्कोथच्या सुटीत अश्दोद येथे आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी आपल्या हातच्या वस्तू राहत्या घरीच मांडल्या होत्या. शेजारपाजारची मुले त्यांना सुतारकाका म्हणतात. आम्हीही येथे तेच नाव वापरतो, कारण खरे नाव छापू नये अशी त्यांची सक्त ताकीद आहे. दुसरी ताकीद अशी की, "लिहायचेच असेल तर खरे लिहा. छान छान म्हणणारे पुष्कळ आले आणि चहा पिऊन गेले." तेव्हा वाचकहो, पुढे काही कठोर वाटले तर सगळा दोष आमच्या माथी मारू नये.

काका मुंबईस रेल्वेच्या कारखान्यात लाकडी नमुने करीत. लोखंडाचे चाक ओतावयाचे तर आधी ते लाकडात घडवावे लागते, ते हे काम. येथे आल्यावर त्यांची उभी नोकरी अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बसविण्यात गेली. पेन्शनीत निघाल्यावर इमारतीच्या मखसानमध्ये, जेमतेम एक खाट मावेल एवढ्या जागेत, त्यांनी रंधा आणि पटाशी पुन्हा हाती घेतली. मुंबईत येऊन सुतारकाम करणारे आपल्या वाडवडिलांत पुष्कळ होते. त्यांच्या नातवंडांपैकी आज किती जणांना रंधा धरता येईल, हे विचारून कोणाला लाजविण्याची आमची इच्छा नाही.

प्रथम खुर्ची. बीचच्या लाकडाची, एकही खिळा वा स्क्रू नसलेली, सगळे सांधे खाच पाडून कुसू बसविलेले. आम्ही तीवर बसलो, मुद्दाम डुललो, पण खुर्चीने हूं की चूं केले नाही. मात्र पाठीवर मोर, वेली, द्राक्षांचे घोस यांची अशी दाटी केली आहे की टेकून बसावे तर मोराची चोच बरोबर मणक्यात रुतते. एलियाहू हन्नाबीच्या खुर्चीवर असे कोरीव काम शोभते, कारण तेथे कोणी पाठ टेकून गप्पा मारीत बसत नाही. ही तर बैठकीच्या खोलीतली खुर्ची!

पेटीबद्दल थोडक्यात. झाकण एका रुंद फळीचे असून खालून दोन आडव्या पट्ट्या सरसाने घट्ट चिकटविल्या आहेत. लाकूड आडव्या अंगाने फुगते आणि आकसते, त्याला हलण्यास जागा हवी. ती ठेवली नाही, म्हणून शरवच्या कोरड्या वाऱ्यात फळी तडकली. तड पुट्टीने बुजवून वर पॉलिश केले आहे. आम्हास ती दिसली, आणि आम्हास दिसली हे काकांस दिसले. असो.

आता घड्याळे. भिंतीवर तेरा होती. त्यांपैकी अकरा पाठमोरी केली की मागे बाजारातून आणलेला प्लॅस्टिकचा डबा आणि एक सेल. तबकड्या सुबक आहेत, एक तर ऑलिव्हच्या लाकडाची इतकी देखणी आहे की डोळा हटू नये. पण वेळ दाखविते ते यंत्र काकांचे नव्हे. याला लाकडी घड्याळ म्हणणे म्हणजे विकतच्या मलिद्यावर आपण खोबरे किसून "घरी केला" म्हणून सांगणे होय. अकरांतली नऊ पहिल्याच दिवशी विकली गेली.

उरलेल्या दोन्हींत चाके, दाते, आस, सगळे लाकडाचे आणि सगळे हातचे. वजन दोरीला टांगलेले, एकदा वर चढविले की तीस तास पुरते. शुक्रवारी दिवे लावण्यापूर्वी चढवावे, शब्बाथ सुटेपर्यंत काळजी नाही. आवाज धातूच्या घड्याळासारखा टोचणारा नाही, दूर कोणी पाटावर बोट वाजवावे तसा आहे. आम्ही त्यापुढे बराच वेळ उभे राहिलो. परंतु हीच दोन घड्याळे कोणी घेतली नाहीत, कारण पावसाळ्यात ती बंद पडतात. काका म्हणाले, "आता मोडून टाकतो. बॅटरीची खपतात, तीच करीन."

या वाक्यामुळे हा लेख लिहावा लागला.

इंग्लंडातील बॅरो गावच्या जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने याच अडचणीशी झुंज घेतली होती. जन्म १६९३ चा. पुढे समुद्रावर रेखांश मोजणारे घड्याळ करून त्याने नाव मिळविले, पण आरंभ लाकडी घड्याळांनीच केला. १७१३, १७१५ आणि १७१७ साली केलेली त्याची यंत्रे आजही जपून ठेवलेली आहेत. त्याने ओकच्या चाकाच्या कडेला खाच पाडून तीत दात्यांचे वेगळे तुकडे बसविले, म्हणजे प्रत्येक दात्यात लाकडाची रेष केंद्राकडून बाहेर जाते आणि दाता तुटत नाही. ब्रॉकल्सबी पार्कच्या घड्याळात, सुमारे १७२२ साली, जेथे घर्षण होते तेथे लिग्नम व्हायटी नावाचे अंगचेच तेल असलेले लाकूड घातले. ते घड्याळ पिढ्यान् पिढ्या तेलाच्या थेंबावाचून चालले.

केवळ लाकूड आहे म्हणून आम्ही गोडवे गात नाही. अमेरिकेत कनेक्टिकट येथे एली टेरीने १८०७ ते १८१० या काळात घड्याळांची चार हजार लाकडी यंत्रे कारखान्यात करविली होती. लाकडाचा स्वभाव ओळखून त्यावर तोड काढली की नाही, हे पाहावयाचे.

काकांनी ती काढलेली नाही. त्यांचे मोठे चाक एकाच फळीतून कापलेले आहे. दमट हवेत अशी फळी रेषेच्या आडवी फुगते, उभी फुगत नाही, म्हणून चाक लांबट होते आणि दाते अडकतात. दोन दाते तुटून सरसाने जोडलेले आम्ही पाहिले. दोन्ही त्याच बाजूचे, जेथे रेष दात्याला आडवी जाते. आणि रेल्वेच्या नमुन्याचे चाक नेहमी तुकडे जोडून करतात हे आम्ही काकांस शिकवावे काय? त्यांनीच आम्हास ते कधी काळी सांगितले होते!

विचारले, तर म्हणाले, "एका फळीचे चाक दिसते छान. रेषा अखंड येतात."

पुन्हा तेच. खुर्चीचा मोर, झाकणाची एकच रुंद फळी, आणि हे चाक, तिन्ही ठिकाणी हात कसलेला आहे, पण पाहुणा काय म्हणेल याचा विचार कामाच्या आधी शिरला आहे. बॅटरीची घड्याळे ही त्याच विचाराची शेवटची पायरी. ती खपली म्हणून खरी घड्याळे मोडली, तर कारखान्यात शिकलेली जी विद्या काकांस खिडक्या बसविताना इतकी वर्षे वापरता आली नाही, ती या वेळी त्यांच्याच हातून पुरती जाईल.

हे सर्व आम्ही तोंडावर बोललो. काकू स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "बरे झाले कोणी बोलले." काका बराच वेळ गप्प होते. आम्ही सुचविले की चाक बारा तुकड्यांचे करावे.

"बारा कशाला? सहा पुरेत, दोन थर देऊन, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही," ते म्हणाले, आणि कानावरची पेन्सिल काढली.