मुक्तस्रोत संनियंत्रण प्रणालींची निवड : प्रचलित निकषांची चिकित्सा

प्रस्तावना :
कंपनीच्या माहिती-तंत्रज्ञान व्यवस्थेत सर्व्हर, राउटर, स्विच, डेटाबेस असे अनेक घटक असतात. त्यांपैकी एखादा बंद पडल्यास ग्राहकाची तक्रार येण्यापूर्वी ते कंपनीला कळावे, हे संनियंत्रण प्रणालीचे प्रयोजन होय. परवाना शुल्क नसल्याने अनेक कंपन्या मुक्तस्रोत प्रणालींकडे वळतात. निवडीच्या वेळी मात्र बहुधा वैशिष्ट्यांचा तुलनात्मक तक्ता मांडला जातो आणि ज्या रकान्यात खुणा अधिक, ती प्रणाली श्रेष्ठ ठरते. हा निकष कितपत पुरेसा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तक्त्यात न दिसणारे भेद :
तक्ता सर्व प्रणालींना एकाच जातीच्या मानतो. वस्तुतः त्यांचे मूळ प्रश्नच वेगळे आहेत. १९९९ मध्ये ‘नेटसेंट’ या नावाने आलेली नागिओस प्रणाली प्रत्येक घटकाची स्थिती विचारते आणि ठीक, इशारा, गंभीर किंवा अज्ञात यांपैकी एक उत्तर नोंदविते. २००१ मध्ये खुली झालेली झॅबिक्स प्रणाली मोजमापे डेटाबेसमध्ये साठविते. आलेख, इशारे व मांडणी एकाच ठिकाणी देते. २०१२ मध्ये साउंडक्लाउड कंपनीत आकारास आलेली प्रोमिथियस प्रणाली ठरावीक अंतराने घटकांकडून आकडे स्वतः ओढून घेते. सतत निर्माण होणाऱ्या व नष्ट होणाऱ्या कंटेनरांसाठी ती सोयीची आहे. परंतु प्रत्येक नोंद अचूक हवी अशा देयक-आकारणीसाठी ती योग्य नाही, असे तिच्या दस्तऐवजातच नमूद आहे. म्हणून थोडे सर्व्हर व जुनी उपकरणे असलेल्या कंपनीने केवळ नावीन्यामुळे प्रोमिथियस स्वीकारणे हे साधनाला गरजेच्या आधी स्थान देणे ठरते.

मुक्त आणि मोफत :
मराठीत ‘मुक्त’ व ‘मोफत’ हे दोन स्वतंत्र शब्द असूनही व्यवहारात त्यांची गल्लत होते. मुक्त परवाना संहितेचे स्वातंत्र्य देतो. प्रकल्पाच्या नावाची मालकी देत नाही. २००९ मध्ये नागिओसच्या संथ विकासाबद्दल असमाधानी असलेल्या विकासकांनी तिच्यापासून ‘आयसिंगा’ ही स्वतंत्र शाखा निर्माण केली. २०१४ मध्ये ‘नागिओस प्लगिन्स’ या प्रकल्पाचे संकेतस्थळ नागिओस कंपनीच्या नियंत्रणाखालील सर्व्हरकडे वळविले गेले, तेव्हा तो सांभाळणाऱ्या चमूला ‘मॉनिटरिंग प्लगिन्स’ या नव्या नावाने काम चालू ठेवावे लागले. संहिता टिकली, नाव मात्र गेले. परवानाही स्थिर नसतो. ग्राफानाने २०२१ मध्ये आणि झॅबिक्सने २०२४ मधील ७.० आवृत्तीपासून ए.जी.पी.एल. परवाना स्वीकारला. तोही मुक्तच आहे. तथापि संहितेत बदल करून ती सेवा म्हणून पुरविणाऱ्यांवर त्याने नवे बंधन येते. याउलट प्रोमिथियस २०१६ पासून क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनकडे असल्याने तिचे भवितव्य एका कंपनीच्या हाती नाही.

शुल्क वाचले तरी श्रम वाचत नाहीत. इशाऱ्याची मर्यादा कोणी ठरवायची, निरर्थक इशारे कोणी कमी करायचे आणि रात्री आलेला इशारा कोणी पाहायचा, हे प्रश्न कोणतीही प्रणाली सोडवीत नाही. रोज शेकडो इशारे येऊ लागले की कर्मचारी ते वाचणे सोडतात आणि खरा इशाराही त्यांतच हरवतो.

निष्कर्ष :
वैशिष्ट्यांचा तक्ता त्याज्य नाही. त्याचे स्थान मात्र शेवटचे आहे. आपल्याला नेमके काय पाहायचे आहे, प्रकल्पाचे नियंत्रण कोणाकडे आहे आणि प्रणाली सांभाळणारी माणसे आपल्याकडे आहेत काय, हे तीन प्रश्न त्याआधी विचारले पाहिजेत. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून प्रकल्प-अहवालात अशी तुलना करवून घेताना अध्यापकांनी याच प्रश्नांची उत्तरे प्रथम मागावीत. अन्यथा विद्यार्थी खुणा मोजायला शिकेल, निवड करायला नव्हे.