जोडणी जुळते, पण उमगते का?

शाळेच्या प्रयोगशाळेत विद्युत मंडल जोडले आणि दिवा लागला नाही, तर आपण काय करतो? सगळे साहित्य कपाटात टाकून नवा संच मागवत नाही. आधी घट तपासतो, मग कळ, मग तारांची टोके आणि शेवटी दिवा. एकेक घटक बाजूला काढत दोष कुठे दडला आहे ते हुडकतो. मुले पुढे ओहमचा नियम विसरतीलही, पण ही हुडकण्याची रीत त्यांना जन्मभर पुरते.

त्याच शाळेच्या संगणक कक्षात मात्र निराळे चित्र दिसते. पीएचपी भाषेत लिहिलेले पान मायएस्क्यूएल या डेटाबेसला जोडायचा पाठ चालू असतो. फळ्यावर चार ओळी लिहिलेल्या असतात, मुले त्या उतरवून घेतात. काही संगणकांवर पान चालते, काहींवर ‘जोडणी होऊ शकली नाही’ एवढेच वाक्य उमटते. मग उपाय सुरू होतात. ओळी पुन्हा टंकित करा, संगणक बंद करून चालू करा, नाहीच जमले तर सगळे काढून टाकून नव्याने बसवा. कधीकधी हे उपाय लागूही पडतात आणि खरे दुर्दैव तेच आहे. दोष गेला, पण का गेला ते कुणालाच कळले नाही. याला प्रयोग म्हणता येणार नाही. हा नवस झाला.

गेली काही वर्षे शाळांमध्ये जाण्याचे प्रसंग आम्हाला आले आणि हे चित्र वारंवार दिसले. दोष शिक्षकांचा आहे असे आम्हाला वाटत नाही. हाती आलेली साधने आणि पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरवली गेलेली उदाहरणे यांत तो अधिक आहे. म्हणून त्या चार ओळींचीच येथे चिकित्सा करू.

चार ओळींमागचे पाच दुवे

पान आणि डेटाबेस यांच्यामध्ये एक साखळी असते. पहिला दुवा म्हणजे पीएचपीला त्या डेटाबेसशी बोलता यावे म्हणून लागणारा चालक, म्हणजेच ड्रायव्हर. तो भरलेला नसेल तर पुढे काहीच घडत नाही. दुसरा दुवा पत्त्याचा : डेटाबेसचा सर्व्हर चालू आहे का आणि सांगितलेल्या ठिकाणी सापडतो का? तिसरा ओळखीचा : नाव आणि परवलीचा शब्द मान्य झाला का? चौथा, मागितलेला डेटाबेस तेथे आहे का? पाचवा, आपण विचारलेला प्रश्न त्याला समजला का, आणि त्यातला तक्ता अस्तित्वात आहे का?

मायएस्क्यूएल प्रत्येक दोषाला क्रमांक देतो. २००२ किंवा २००३ आला तर सर्व्हरशी संपर्कच झालेला नाही. १०४५ म्हणजे ओळख नाकारली. १०४९ म्हणजे त्या नावाचा डेटाबेस नाही. ११४६ म्हणजे तक्ता नाही आणि १०६४ म्हणजे प्रश्नाच्या व्याकरणात चूक. यातली खरी गंमत वेगळीच आहे. १०४५ हा क्रमांक दिसला की पहिले दोन दुवे शाबूत आहेत हे आपोआप सिद्ध होते. चालक नसता, किंवा सर्व्हर बंद असता, तर ओळख नाकारायला तेथे कोण होते? ११४६ दिसला तर पहिले चारही दुवे निर्दोष ठरतात. दोषाचा संदेश म्हणजे केवळ नकार नव्हे. कुठवर सारे ठीक आहे याची ती साक्ष असते.

जुन्या पुस्तकांतील उदाहरणे नेमकी हीच साक्ष फेकून देतात. जोडणीच्या ओळीच्या शेवटी ‘ऑर डाय’ असे दोन शब्द असतात. मराठीत ‘नाहीतर मर’. त्यापुढच्या कंसात लेखकाने स्वतःचे एक वाक्य घातलेले असते : ‘जोडणी होऊ शकली नाही’. पाच वेगवेगळ्या आजारांना एकच नाव दिले गेले. ताप मोजायच्या आधी थर्मामीटर मोडून टाकावा, तसे हे आहे.

गुण आणि दोष

पीएचपीचे गुण आधी मान्य केले पाहिजेत. रासमुस लेरडॉर्फ यांनी स्वतःच्या वेबपानासाठी रचलेली काही साधने १९९५ साली सर्वांना खुली केली, त्यातून ही भाषा वाढली. पानाचा मजकूर आणि आज्ञा एकाच फाइलीत शेजारी शेजारी लिहिता येतात. थोड्या ओळींत फळ दिसते. साध्या संगणकावर, कसलाही परवाना न घेता काम सुरू होते. आपल्यासारख्या शाळांना हे फार मोलाचे आहे.

पण सोपेपणासाठी भाषेने एक किंमत मोजली. डेटाबेसला दिलेली आज्ञा फसली तर जुन्या पद्धतीत ती केवळ ‘असत्य’ हे मूल्य परत देई आणि आज्ञावली पुढे चालू लागे. काही ओळी खाली, उत्तरातली ओळ उचलताना, तिला कळे की हातात काहीच नाही. मग तक्रार उमटे ती त्या खालच्या ओळीची. मूल बिचारे खालची ओळ तपासत बसे आणि चूक वरच्या प्रश्नात असे. तार एका ठिकाणी तुटावी आणि ठिणगी भलतीकडेच दिसावी, अशातला प्रकार.

मायएस्क्यूएलसाठीचा हा जुना आज्ञासंच २०१३ साली कालबाह्य ठरवण्यात आला आणि २०१५ साली आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकण्यात आला. आजच्या संगणकावर जुन्या पुस्तकातले उदाहरण ‘अशी आज्ञाच नाही’ असे म्हणून थांबते ते यामुळे. त्याच्या जागी मायएस्क्यूएलआय (२००४) आणि पीडीओ (२००५) हे नवे संच आधीच आले होते. पण मौन बाळगण्याची खोड त्यांच्यातही होती. काही बिघडले तर आपणहून बोलायचे, हे पीडीओच्या मूळ स्वभावात आले ते पीएचपी ८.० मध्ये, २०२० साली. मायएस्क्यूएलआयमध्ये ते ८.१ मध्ये, २०२१ साली आले. दोष लपवणे हे नवशिक्यावर उपकार नव्हेत, एवढे साधनाच्या मूळ रचनेत उतरायला दीड दशक लागले.

संदेश बोलला तरी तो समजेल असा असतोच असेही नाही. लिनक्सवर पत्ता म्हणून ‘लोकलहोस्ट’ लिहिला की मायएस्क्यूएलचा चालक जाळ्यातून जातच नाही. तो त्याच संगणकावरची सॉकेट नावाची एक खास फाइल शोधतो. ती अपेक्षित जागी नसेल तर २००२ क्रमांकासह ‘अशी फाइल नाही’ असा संदेश येतो. मुलांना वाटते आपल्या पानाची फाइल हरवली. पत्त्याच्या जागी १२७.०.०.१ लिहिले तर चालक जाळ्याच्या वाटेने, ३३०६ क्रमांकाच्या दारावर जातो आणि पुष्कळदा जोडणी जुळते. दोन्ही पत्ते एकाच संगणकाचे, पण वाटा दोन! पुस्तके हे दोन पत्ते समानार्थी म्हणून देतात. खरे तर या एका फरकावर एक सुंदर तास घेता येईल.

डि’सूझांच्या मुलीचे नाव

वसईकडच्या एका शाळेतला प्रसंग आम्हाला विसरता येत नाही. विद्यार्थ्यांची यादी संगणकात भरताना बाकी सगळी नावे गेली, पण एका मुलीचे नाव काही केल्या जाईना. तिचे आडनाव डि’सूझा. रोमन लिपीत ते लिहिताना पहिल्या अक्षरानंतर वर एक स्वल्पविराम येतो. आज्ञावलीत प्रश्नाचे शब्द आणि मुलीचे नाव एकाच दोऱ्यात ओवले होते. डेटाबेसच्या भाषेत, एस्क्यूएलमध्ये, तेच चिन्ह मजकूर संपल्याची खूण असते. त्यामुळे डेटाबेसच्या लेखी नाव पहिल्या अक्षरापाशीच संपले आणि उरलेला ‘सूझा’ व्याकरणाची चूक ठरला. संदेश आला १०६४.

यावर शोधलेला उपाय असा, की तिच्या नावातले चिन्हच गाळून टाकायचे. आज्ञावलीला जमेना म्हणून मुलीचे नाव बदलले! पुढे दाखल्यावरचे नाव आणि संगणकातले नाव जुळेना, तेव्हा हेलपाटे घातले ते तिच्या आईवडिलांनी.

याच फटीतून चोरही शिरतो. नावाच्या चौकटीत कुणी मुद्दाम असा मजकूर भरला की त्यातले चिन्ह प्रश्न अर्ध्यावर संपवील आणि पुढचे शब्द नवी आज्ञा बनतील, तर डेटाबेस त्या परक्या आज्ञेचेही पालन करतो. ही युक्ती १९९८ सालापासून जाहीरपणे माहीत आहे. पीएचपीने तिच्यावर एक ‘जादूई’ तोड ठेवली होती : बाहेरून आलेल्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी आपोआप एक उलटी तिरपी रेघ घालायची. फळ असे की कित्येक याद्यांत डि’सूझांच्या नावात ती रेघच छापून येऊ लागली. आणि सुरक्षितता? तीही अपुरीच. २०१२ साली ही जादू भाषेतून काढून टाकण्यात आली.

खरा उपाय साधा आहे. प्रश्नाचा साचा आधी द्यायचा, नावाच्या जागी फक्त खूण ठेवायची आणि नाव निराळे सोपवायचे. मग नाव हे नावच राहते, त्याची आज्ञा होऊ शकत नाही. समीकरणात क्ष ठेवून किंमत नंतर घालण्याइतके हे मुलांच्या ओळखीचे आहे. मग पहिल्याच धड्यात हीच रीत का शिकवू नये? ‘ते पुढच्या वर्गात’ असे म्हणत चुकीची सवय आधी लावायची आणि नंतर ती मोडत बसायचे, यात कोणते शिक्षणशास्त्र आहे?

एकच किल्ली, सगळी कुलपे?

‘पीडीओ वापरा, म्हणजे कोणताही डेटाबेस चालेल,’ असेही सांगितले जाते. कल्पना जुनी आणि चांगली आहे. पर्लसाठी टिम बन्स यांनी घडवलेला डीबीआय, मायक्रोसॉफ्टचा ओडीबीसी, जावाचा जेडीबीसी या सगळ्यांनी हाच मार्ग धरला : वर एक समान रूप, खाली प्रत्येक डेटाबेससाठी वेगळा चालक. पण समान होते ते बोलण्याचे यंत्र, भाषा नव्हे. दूरध्वनी सगळीकडे सारखाच असला म्हणून कारवारात आणि कोलकात्यात एकच भाषा चालेल असे नाही.

उदाहरणे पाहा. पहिल्या दहा ओळी हव्या असतील तर मायएस्क्यूएल, पोस्टग्रेस आणि एस्क्यूलाइट यांना ‘लिमिट’ हा शब्द कळतो. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला तेथे ‘टॉप’ लागतो. दोन उभ्या रेघांनी दोन शब्द जोडावेत असे प्रमाण एस्क्यूएल सांगते. मायएस्क्यूएल मात्र त्या रेघांचा मूळ अर्थ ‘किंवा’ असा घेतो आणि नाव-आडनाव जोडायला गेल्यास उत्तरात शून्य देतो, तेही दोषाचा क्रमांक न देता. ओरॅकलमध्ये रिकामा मजकूर आणि ‘माहितीच नाही’ यांत भेद राहत नाही, इतरत्र राहतो. एस्क्यूलाइटला तर सर्व्हरच नसतो, सारा डेटाबेस एका फाइलीत असतो. तेथे परवलीचा शब्द तपासत बसणे व्यर्थ. वेबसर्व्हर ज्या खात्याने चालतो त्याला त्या फाइलीवरच नव्हे, तर ती ठेवलेल्या फोल्डरवरही लिहिण्याची मुभा आहे का, हे पाहावे लागते.

पीडीओ आपल्या माहितीपुस्तिकेत हे प्रामाणिकपणे सांगतो : आपण एस्क्यूएल बदलून देत नाही. दावा वाढवला तो त्याच्यावर लिहिणाऱ्यांनी.

प्रश्नचिन्हांची मोजणी

मराठी शाळांना सर्वांत जवळचा दोष शेवटी घेऊ. जोडणी जुळते, यादी दिसते, पण नावांच्या जागी कधी नुसती प्रश्नचिन्हे तर कधी विचित्र परदेशी अक्षरे येतात. ‘फाँट नाही’ असे म्हणून बहुतेक जण विषय संपवतात. येथे मोजणी करावी. ‘मराठी’ या शब्दात युनिकोडप्रमाणे पाच चिन्हे आहेत : म, र, काना, ठ आणि वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण पंधरा.

शब्दाच्या जागी पाचच प्रश्नचिन्हे दिसली तर कुणीतरी अक्षरे ओळखली, पण ज्या लिपीसंचात ती बसवायची होती त्यात त्यांना जागा नव्हती. अशी माहिती साठवली गेली असेल तर ती कायमची गेली. पंधराच्या आसपास विचित्र चिन्हे दिसली आणि दर तिसरे चिन्ह तेच ते येत असेल, तर बाइट बहुधा सुखरूप आहेत, फक्त वाचणारा त्यांना लॅटिन समजतो आहे. हा दोष बहुधा दुरुस्त होतो. मायएस्क्यूएलचा मूळ लिपीसंच २०१८ च्या ८.० आवृत्तीपर्यंत लॅटिन-१ होता, म्हणून जुन्या याद्यांत हा दोष विशेष आढळतो. जोडणी करतानाच लिपीसंच सांगणारी एक ओळ लिहिली की तो टळतो. किती पुस्तकांत ती ओळ असते?

आधी मोडून पाहावे

आमची सूचना एवढीच आहे. जोडणी जुळली की तास संपवू नये. तेथून तो सुरू करावा. परवलीचा शब्द मुद्दाम चुकवावा, सर्व्हर बंद करावा, तक्त्याचे नाव बदलावे, लोकलहोस्टच्या जागी अंक लिहावेत, यादीत डि’सूझा हे नाव घालावे. प्रत्येक वेळी आधी अंदाज वहीत लिहून घ्यावा : कोणता क्रमांक येईल, आणि का? मग पान चालवून पाहावे. तोच डेटाबेस पीएचपीविना, त्याच्या स्वतःच्या साधनाने उघडून पाहिला तर साखळीचे दोन भाग होतात आणि दोष कोणत्या भागात आहे ते एका फटक्यात कळते. मात्र एक पथ्य पाळावे : हे संदेश वर्गात दाखवायचे. बाहेरच्यांसाठी खुल्या पानावर ते न दाखवता नोंदवहीत जावेत, कारण चोरालाही ते वाचता येतात.

भाषा बदलतील, डेटाबेस बदलतील, आज येथे दिलेले क्रमांकही उद्या कुणाला लागणार नाहीत. पण दिवा लागला नाही तेव्हा घटापासून तपासत जाणारे मूल संगणकासमोरही तसेच वागले, तर विज्ञानाचा तास त्या कक्षापर्यंत पोचला असे म्हणता येईल. आणि एखाद्या मुलीचे नाव यंत्रात बसत नसेल, तर नावाला कात्री न लावता यंत्राला जाब विचारायचा असतो, हेही ते शिकेल.